डिफ लॉक, डांबर आणि शेजाऱ्याची साइड-बाय-साइड

गेल्या हिवाळ्यात आप्पा तीन महिने आमच्याकडे ॲरिझोनात राहून गेले. आमचं गाव क्वीन क्रीक, फिनिक्सच्या कडेला. काल-परवापर्यंत इथे कापूस आणि घास पिकायचा, आता नजर जाईल तिथे घरं उगवली आहेत. सकाळचा चहा झाला की आप्पा घरापुढच्या उतारावर खुर्ची टाकून बसायचे आणि जाणारं-येणारं सगळं न्याहाळायचे. चौथ्या की पाचव्या दिवशी त्यांनी मला हाक मारून रस्ता दाखवला. शेजाऱ्याच्या गॅरेजकडून निघून डावीकडे वळणारे टायरचे दोन काळे अर्धगोल डांबरावर उमटले होते. एकावर एक, रोजच्या रोज घासून जाड झालेले.

"ह्या गाडीचं डिफ लॉक सुटत न्हाई का रं?"

आप्पांनी वाळवा तालुक्यात चाळीस वर्षं ट्रॅक्टर चालवलाय. मी मेकॅनिकलचा पदवीधर, कॉलेजात 'बाहा' या खडबडीत वाटांवरच्या गाड्यांच्या विद्यार्थी-स्पर्धेसाठी टीमबरोबर गाडी बांधून पिथमपूरला नेलेला. ते डाग मी दोन वर्षं येता-जाता बघत होतो, पण हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. आणि मातीसाठी बांधलेली गाडी डांबरावर का फसते, याचं निम्मं उत्तर त्या प्रश्नातच आहे.

आधी गाडी कोणती ते सांगतो. नागाव-काशीदच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणारी, मोटारसायकलसारखं हँडल असलेली आणि दोन्हीकडे पाय टाकून बसायची फुगीर टायरांची चारचाकी म्हणजे एटीव्ही. शेजाऱ्याकडची तिची थोरली बहीण: यूटीव्ही, किंवा इथल्या बोलीत साइड-बाय-साइड. हिला स्टीअरिंग असतं, शेजारी-शेजारी सीट असतात, डोक्यावर लोखंडी पाइपांचा पिंजरा आणि मागे सामानाचा छोटा हौदा. मुळात ही शेतावरची, कुरणावरची, शिकारीची गाडी. पण आमच्याकडे लोक तिच्यातून दूध आणायला जातात, पोरांना बस स्टॉपवर सोडतात, संध्याकाळी गाणी लावून कॉलनीला फेऱ्या मारतात. ॲरिझोनात ते कायदेशीर आहे. त्यासाठी नंबर प्लेट, आरसा, हॉर्न, दिवे, विमा वगैरे लागतं.

आता डिफ लॉक. शाळेतली २६ जानेवारीची परेड आठवा. चार जणांची रांग कोपऱ्यावर वळते तेव्हा आतला मुलगा जवळजवळ जागच्या जागी पाय आपटतो आणि बाहेरचा ढांगा टाकत पळतो. दोघांच्या पावलांची लांबी वेगळी असते म्हणूनच रांग सरळ राहते. चौघांच्या कमरेला एक बांबू बांधून "सगळ्यांनी सारखीच पावलं टाका" असं पीटीच्या सरांनी फर्मावलं, तर रांग वळणारच नाही. वळवलीच, तर कुणीतरी फरफटत जाईल.

गाडीच्या चाकांचंही हेच. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं. बैलगाडीला याची अडचण कधी आली नाही, कारण तिची चाकं आसावर सुटी फिरतात, ज्याचं त्याचं स्वतंत्र. इंजिनाच्या गाडीत चाकांना ताकद पोचवायची असते, त्यामुळे दोन्ही चाकं एकाच यंत्रणेला जोडावी लागतात. मग ती जोडूनही वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी दातऱ्यांची पेटी बसवतात, ते डिफरन्शियल. कारला असतं, रिक्षाला असतं, ट्रॅक्टरलाही असतं.

डिफरन्शियलची एक खोड आहे. एक चाक चिखलात आणि दुसरं कोरड्यावर असलं की चिखलातलं चाक गरागरा फिरत राहतं आणि कोरड्यावरचं ढिम्म हलत नाही. ट्रॅक्टरवाल्यांना हे सांगायला नको. म्हणून ट्रॅक्टरला डिफ लॉकचं पेडल दिलेलं असतं. ते दाबलं की दोन्ही चाकं एक होतात आणि गाडी चिखलातून निघते. निघाली की पाय काढायचा आणि लॉक लावून कधीही वळायचं नाही, हे ट्रॅक्टर शिकवणारा पहिल्याच आठवड्यात दरडावून सांगतो. (रस्त्यावर आलं की दोन ब्रेक पेडलं कडीने जोडायची, हेही तेव्हाच. उसाच्या हंगामात किती जण जोडतात, ते विचारू नका.)

बऱ्याच एटीव्हींच्या मागच्या आसाला डिफरन्शियल नसतंच. दोन्ही चाकं कायमची एकत्र, म्हणजे लॉक लावलेला आणि पेडल कापून टाकलेला ट्रॅक्टर. मातीत ते चालून जातं, चालावं म्हणूनच तसं केलेलं असतं. वळताना आतलं चाक मातीवर थोडं घसरतं, खडी उडते आणि हिशेब जुळतो. मातीच दोन चाकांतला फरक गिळते. डांबर काहीच गिळत नाही. तिथे टायर घासत जातो, 'चर्र' आवाज येतो, आणि शेजाऱ्याच्या घरासमोर उमटले तसे अर्धगोल राहतात.

पण टायर झिजतो एवढ्यावर हे भागत नाही. मागची जोडी सरळच जाऊ पाहते, त्यामुळे हँडल वळवलं तरी गाडी वळायला कुरकुरते. चालवणारा साहजिकच हँडल आणखी पिळतो. तेवढ्यात वजन बाहेरच्या बाजूला सरकून आतलं मागचं चाक हलकं होतं आणि अडवणूक एकदम सुटते. आता पिळलेलं सगळं हँडल एकाच झटक्यात लागू पडतं. दार ढकलत असताना आतून कुणी कडी काढावी तसं. मातीवर सराव असलेले लोक यासाठीच वळताना वजन मुद्दाम हलवतात, सीटवरून आतल्या बाजूला झुकतात. कॉलनीत एका हातात कॉफीचा मग धरून चालवणारा माणूस तसलं काही करत नाही.

यूटीव्हींमध्ये यावर थोडा उपाय आहे. पोलॅरिस कंपनीच्या रेंजरसारख्या कामाच्या गाड्यांना 'टर्फ' नावाचा मोड असतो. तो लावला की मागचं लॉक सुटतं. नाव टर्फ, कारण जाहिरात अशी की हिरवळीवर वळलात तरी गवत उपटणार नाही. डांबरावर नेमकं तेच हवं असतं, पण नाव वाचून लोकांना ते माळ्याचं वाटतं. काही स्पोर्ट मॉडेलांना हा मोड नसतोच. आणि चारही चाकांना ताकद देणारा मोड चालू ठेवून डांबरावर वळलात, तर पुढची चाकंही त्याच भांडणात उतरतात.

हे झालं निम्मं. उरलेलं निम्मं स्वयंपाकघरात दाखवता येतं. ओट्यावर थोडं पीठ भुरभुरवा आणि सरबताची भरलेली बाटली त्यावर उभी करा. मानेच्या जरा खाली बोट लावून आडवी ढकला, बाटली घसरेल. आता तीच बाटली मिक्सरखालच्या रबरी मॅटवर ठेवून तशीच ढकला. धरायला दुसरा हात तयार ठेवा, कारण ती आडवी होईल. बाटली तीच, बोट तेच. खालची पकड तेवढी वाढली.

उंच आणि अरुंद वस्तूला पकड जास्त मिळाली की घसरण्याऐवजी ती कलंडते. एटीव्ही आणि यूटीव्ही उंच असतात, कारण पोटाखालून दगड जायला हवेत. अरुंद असतात, कारण झाडांमधून वाट काढायची असते. किती सहज कलंडतील याचा ढोबळ हिशेबही सोपा आहे: डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराचं निम्मं घ्या आणि त्याला गाडीच्या गुरुत्वमध्याच्या उंचीने भागा. साध्या मोटारीचं उत्तर १.३ ते १.५ येतं. वळणावर गाडी बाहेर फेकली जाते तो जोर गुरुत्वाच्या एवढ्या पट झाला तर ती कलंडेल, असा त्याचा अर्थ. कोरड्या डांबराची पकड साधारण ०.८-०.९ पटीपर्यंतच टिकते, म्हणून मोटार आधी घसरते, टायर किंचाळतात, चालक घाबरून सावध होतो. यूटीव्हींची चाचणी अमेरिकेच्या केंद्रीय ग्राहक सुरक्षा आयोगाने, म्हणजे सीपीएससीने, सपाट फरसबंद जागेवर घेतली तेव्हा गाड्या ०.६२५ ते ०.७८५ पटीलाच कलंडायला लागल्या. डांबराची पकड सुटायच्या आधी. सुट्या मातीत किंवा वाळूत पकड डांबरापेक्षा बरीच कमी असते, म्हणून तिथे तीच गाडी घसरून वाचते. (सरीत किंवा दगडाला चाक अडकलं तर मातीतही पलटी होतेच. माती काही दर वेळी वाचवत नाही.)

हे आकडे कॉलनीच्या कोपऱ्यावर आणून बघू. वळणाची त्रिज्या दहा मीटर धरा. ताशी २० किलोमीटरने वळलात तर बाहेर फेकणारा जोर गुरुत्वाच्या ०.३ पट भरतो, म्हणजे काही वाटतसुद्धा नाही. ताशी ३० ने वळलात तर तो ०.७ वर जातो. वेग दीडपट, जोर सव्वादोनपट, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ३० म्हणजे आपल्याकडे भाजी आणायला निघालेल्या स्कूटरचा वेग. या गाड्या त्याच्या तिप्पट वेगाने सहज पळतात. मग वेगाची मर्यादा पाळूनही माणूस उलटतो आणि 'हळूच तर चालवत होतो' असं पोलिसांना अगदी खरंखुरं सांगतो.

टायरांचाही यात हात आहे. मोटारीच्या टायरात हवा असते ३२-३५ पीएसआय. एटीव्हीच्या टायरात बऱ्याचदा ३ ते ७, म्हणजे अंगठ्याने दाबला तर आत जाईल इतका मऊ. दगडावरून जाताना तो मऊपणा उशीचं काम करतो. डांबरावर वेगात मात्र टायरची बाजू मुडपते, गाडी डोलते आणि हँडलला दिलेला हुकूम जमिनीपर्यंत पोचायला वेळ लागतो. नक्षीचे मोठे मोठे ठोकळे मातीत रुततात, डांबरावर तेवढ्या ठोकळ्यांपुरताच स्पर्श होतो. सरळ रस्त्यावर हे कळत नाही. कुत्रं आडवं आल्यावर कळतं.

हे सगळं कंपन्यांना माहीत असतं. एटीव्हीवर इशारा चिकटवलेला असतो की फरसबंद रस्त्यावर चालवू नका, हाताळणीवर गंभीर परिणाम होतो. बहुतेकांना तो कंपनीने वकिलांना घाबरून लावलेला वाटतो. वकिलांचा भाग असेलही, पण त्यामागचं गणित वर मांडलं तेच आहे.

अमेरिकेत हा धडा हप्त्याहप्त्याने शिकला गेला. १९७० मध्ये होंडाने तीन चाकांची एटीव्ही आणली, ती तुफान चालली. तिपाई कशी कलंडते ते घरात सगळ्यांना माहीत असतं, पण पुढं एकच चाक असलेली ही गाडी लहान पोरांच्या हाती द्यायला कुणी मागंपुढं पाहिलं नाही. शेवटी १९८८ मध्ये सरकार आणि कंपन्यांमध्ये कोर्टामार्फत समझोता होऊन नव्या तीनचाकींची विक्री थांबली. त्यानंतर यूटीव्ही आल्या आणि २००९ मध्ये यामाहाच्या रायनो या गाडीसाठी सीपीएससी आणि कंपनीला मिळून मोफत दुरुस्तीची मोहीम काढावी लागली. चाळीसहून अधिक मृत्यू नोंदले गेले होते. दुरुस्ती काय होती, ते बघण्यासारखं आहे: मागच्या चाकांना स्पेसर, म्हणजे जाड चकत्या, लावून ती बाहेर सरकवली आणि मागचा अँटी-स्वे बार, म्हणजे वळताना गाडीचं कलणं रोखणारा आडवा दांडा, काढून टाकला. पहिली दुरुस्ती म्हणजे सरळसरळ आपल्या भागाकारातला वरचा आकडा वाढवणं.

आजही अमेरिकेत या सगळ्या प्रकारच्या गाड्यांमुळे वर्षाला सरासरी सातशेहून जास्त माणसं मरतात आणि सुमारे एक लाख जणांना इमर्जन्सी विभागात जावं लागतं, असं सीपीएससीचे आकडे सांगतात. एटीव्हीच्या मृत्यूंबद्दल आयोवा विद्यापीठातल्या डॉक्टरांनी बरीच वर्षं अभ्यास केलाय. त्यांना दिसलं की निम्म्याहून अधिक मृत्यू डोंगरात नाही, दरीत नाही, रस्त्यांवर होतात. जी गाडी रस्त्यासाठी बनलेलीच नाही, तिचे.

यूटीव्हीत एटीव्हीपेक्षा जीव वाचायची शक्यता जास्त, कारण पिंजरा आणि पट्टा. पण दोन्ही मिळूनच. पट्टा नसेल तर गाडी उलटताना माणूस अर्धा बाहेर फेकला जातो आणि तोच पिंजरा त्याच्यावर येतो. पट्टा लावूनही एक धोका उरतो, तो म्हणजे आपला हात. तोल गेला की माणूस आपसूक हात बाहेर टेकवतो. सायकलवरून पडताना टेकवतो तसाच, फक्त इथं हातावर पाच-सातशे किलो येतात. दाराच्या जागी असलेली जाळी त्यासाठी असते. दर वेळी लावायचा कंटाळा येतो म्हणून लोक ती गुंडाळून ठेवतात. आणि मागच्या हौद्यात बसलेल्या पोरांना ना पट्टा, ना पिंजरा. तो हौदा खताच्या पोत्यांसाठी आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सोळा वर्षांखालच्या मुलांनी एटीव्ही चालवूच नये म्हणते, माझंही मत तेच. यावरून आमच्या गल्लीत माझी फारशी लोकप्रियता नाही.

कायद्याचं विचाराल तर पन्नास राज्यांची पन्नास तऱ्हा. केंद्राच्या रस्ता-सुरक्षेच्या मानकांना मोटारींप्रमाणे या गाड्यांना तोंड द्यावं लागत नाही, कारण त्या रस्त्यासाठी बनवलेल्याच नसतात. मग त्यांना रस्त्यावर येऊ द्यायचं का, ते राज्य ठरवतं. ॲरिझोना आणि युटा येऊ देतात. न्यू जर्सीत सार्वजनिक रस्त्यावर एटीव्ही चालवायला बंदी आहे, तेव्हा तिथल्या एडिसन गावात राहणाऱ्या माझ्या मावसभावाने इथले फोटो पाहून तिकडे गाडी घ्यायची घाई करू नये. कॅलिफोर्नियातही काही ठरावीक तुकडे सोडले तर मज्जावच. परवानगी दिलेल्या गावांनाही ते जड जातं. युटातलं मोआब हे लाल दगडांच्या पायवाटांसाठी प्रसिद्ध गाव या गाड्यांच्या आवाजाने इतकं वैतागलं की २०२१ मध्ये त्यांनी आवाजाचे नियमच कडक केले.

यात एक गफलत नेहमी होते. राज्याने नंबर प्लेट दिली म्हणजे गाडी रस्त्यासाठी सुरक्षित ठरवली, असं लोक धरून चालतात. प्लेट देताना आरसा, दिवा, हॉर्न आणि विमा बघतात. गुरुत्वमध्य कुणी बघत नाही. विम्याचंही नीट वाचून घ्यावं. घराच्या विम्यात अशी गाडी आवाराबाहेर गेली की बहुधा संरक्षण संपतं, त्यामुळे वेगळी पॉलिसी लागते. कॉलनीचे रस्ते खासगी असतील तर सोसायटीचे नियम आणखी निराळे.

कॉलनीतल्या कॉलनीत फिरायला छोटी उघडी गाडी हवी, ही हौस मात्र मला समजते. त्यासाठी निराळी जात आहे. १९९८ मध्ये अमेरिकेने 'कमी वेगाचं वाहन' असा वर्ग तयार केला: कमाल वेग ताशी सुमारे ३२ ते ४० किलोमीटर, पट्टे, दिवे, इंडिकेटर, आरसे, समोर काच. गोल्फ कार्टचं रस्त्यावर यायच्या लायकीचं रूप. जॉर्जियातल्या पीचट्री सिटीत तर अशा कार्टसाठी दीडशे किलोमीटरहून जास्त वेगळ्या वाटा आहेत आणि पोरं शाळेतही कार्टने जातात. या गाड्याही जोरात वळवल्या तर उलटतात, पण टायर रस्त्याचे, उंची कमी आणि मुख्य म्हणजे पळायची ताकदच बेताची.

आपल्याकडे हा प्रश्न अजून किनाऱ्यापुरता आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ३९व्या कलमाप्रमाणे नोंदणीशिवाय वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही, आणि किनाऱ्यावरच्या भाड्याच्या एटीव्हींना सहसा नंबर नसतो. म्हणून त्या वाळूतून डांबरी रस्त्यावर आल्या की कायदा मोडतात आणि वर सांगितलेलं सगळं गणितही सोबत आणतात. पोलॅरिसने मात्र भारतात स्पोर्ट्समन ५७० ही एटीव्ही शेतीचा ट्रॅक्टर म्हणून रस्त्यावर चालवण्याजोगी करून आणली. ही बातमी आप्पांना सांगितली तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "नांगूर किती फाळी वढतो?"

शेजाऱ्याशी बोलणं आप्पांनीच काढलं. मी दुभाष्या. शेजारी भला माणूस, गाडीविषयी कुणी आस्थेने विचारतंय म्हणून खूश झाला. आप्पांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, मागचा टायर अंगठ्याने दाबून पाहिला, वाकून खालचा आस बघितला आणि डॅशबोर्डवरच्या एकेका बटणाला "हे कशाचं?" करत टर्फच्या बटणापाशी थांबले. शेजारी म्हणाला, ते हिरवळीसाठी. आप्पांनी त्याला डाग दाखवले, दोन्ही मुठी समोर धरून एक जोरात आणि एक हळू फिरवून दाखवली. मला भाषांतर करावंच लागलं नाही.

आता तो गॅरेजमधून निघताना बटण दाबतो. नवे डाग पडत नाहीत, जुने उन्हाने फिके होत चाललेत. रविवारी व्हिडिओ कॉलवर आप्पांनी फोन रस्त्याकडे वळवायला लावला. तेवढ्यात शेजारी आलाच, हौद्यात दोन पोरं, कोपरा नेहमीच्याच झोकात घेतला.

"डाग गेलं," आप्पा म्हणाले. "पर वळान अजून तसंच घेतंय बग त्ये. आन् पोरं मागं हायती."